वळचणीचा बोळ

१

दाजींना सगळेच दाजी म्हणत. गिऱ्हाइकं म्हणत, लाकूडवाला म्हणे, गाडी दुरुस्त करणाराही म्हणे. खरं पाहता ते जगात एकाच माणसाचे दाजी होते, आणि तो माणूस गेली अकरा वर्षं त्यांच्याबरोबर कामाला होता. बायकोचा एकुलता एक धाकटा भाऊ. तो दिवसभर ‘दाजी, दाजी’ करत राही, आणि ऐकणाऱ्यांच्या तोंडीही तेच बसलं. आपलं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय, असं दाजी वैतागून म्हणत.

दोघांचा धंदा जुन्या घरांत ऊब राखण्याचा आणि ओल काढण्याचा. जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर छप्पर दोन्ही बाजूंना खाली उतरत येतं. कडेला उभं राहता येत नाही, म्हणून लोक कमरेएवढी बुटकी भिंत घालतात आणि खोली चौकोनी करून घेतात. त्या भिंतीमागे एक तिरपी, अंधारी पोकळी उरते. दोघं तिला बोळ म्हणत. या बोळात पोटावर सरपटत जायचं आणि वाशांच्या मधे काचेचा कापूस बसवायचा. पण कापूस आणि छप्पर यांच्यात चार बोटं जागा मोकळी ठेवायची आणि खाली वळचणीला भोकं पाडायची. हवा भोकांतून शिरते, त्या चार बोटांतून वर सरकते आणि जाताना ओल घेऊन जाते. भोकं बुजली की सगळं मुसळ केरात. ओल आत कोंडते, लाकूड कुजतं आणि भिंतीला बुरशी धरते.

मेहुण्याला हा कापूस सोसत नसे. हातमोजे घाला, मास्क लावा, बाह्या दोरीने बांधा, काही उपयोग नाही. बोळातून बाहेर आला की तो जो खाजवायला लागे तो झोपेपर्यंत. कोपरापासून मनगटापर्यंत खर्र खर्र, मग मान, मग पुन्हा कोपर. त्याची ताई रोज डब्याबरोबर तेलाची छोटी बाटली द्यायची. परतीच्या वाटेवर गाडीत तो तेल चोळत बडबडायचा आणि मधेमधे खाजवायचा. त्या आवाजाने दाजींचं डोकं उठे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. सात वर्षांपूर्वी एका घरी दाजींनी बोळाच्या तोंडावर फळी ठोकली आणि ते खाली चहा प्यायला गेले. मेहुणा आतच होता. अंगणात लाकूड कापायचं यंत्र चालू होतं, त्यामुळे त्याचं ओरडणं कोणाला ऐकू गेलं नाही. सव्वा तासाने बाहेर काढला तेव्हा तो काळानिळा पडला होता. बायको तीन आठवडे दाजींशी बोलली नाही. मग बोलली ते एकच वाक्य. “त्याचं तोंड बघितल्याशिवाय पहिला स्क्रू लावायचा नाही.”

दाजींनी ते पाळलं. फळी लावण्याआधी ते तिच्यावर तीनदा ठोकत आणि विचारत, “आत कोणी आहे का?” मेहुणा समोर येऊन उभा राही आणि म्हणे, “कोणी नाही.” मग पहिला स्क्रू. पुढे पुढे तो समोर यायचा कंटाळा करू लागला. जिन्यातून, अंगणातून, असेल तिथून ओरडे, “कोणी नाही.” दाजींनाही तेवढं पुरू लागलं. घरी बायकोला हे सांगायची गरज त्यांना कधी वाटली नाही.

२

हे घर एका शाळेतल्या बाईंचं होतं. वरच्या खोलीत त्यांचे वडील झोपून असत. गुडघे गेलेले, त्यामुळे जिना बंद, आणि खाली राहायला यायची तयारी नाही. त्यांच्या उशाशीच बुटकी भिंत होती आणि तिच्यावर काळी बुरशी छतापर्यंत चढली होती. त्यांच्या छातीत सतत घरघर चाले. डॉक्टर म्हणाले होते की थंडी पडायच्या आत खोली कोरडी करा, नाहीतर मी जबाबदार नाही.

“तीन दिवसांत करून देतो, मॅडम,” दाजी म्हणाले. तीन दिवस पुरेसे होते. पन्नासेक घरं त्यांनी अशीच केली होती.

पहिल्या दिवशी वळचणीला बारा भोकं पाडली, प्रत्येक मुठीएवढं. मेहुण्याने पलीकडच्या टोकापासून निम्म्या बोळात कापूस बसवला. हा बोळ मधेच धुराड्याला वळसा घालून पलीकडे जात होता, त्यामुळे तोंडाशी बसून अर्धाच दिसे. संध्याकाळी दोघं खुशीत घरी गेले. मेहुणा वाटभर खाजवत होता, पण दाजींनी त्या दिवशी त्याला काही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाराच्या बारा भोकं बुजलेली होती.

बाहेरून नव्हे, आतून. कापसाचे तुकडे तोडून, दाबून, घट्ट बसवलेले. दाजी शिडीवर चढून एकेक उपसत गेले आणि त्यांचा पारा चढत गेला. उंदीर असतील, खार असेल. खार कुठेही घर करते. पण खारीने बसवलेला कापूस कसाही असतो. हा तर एका उंचीला, एका मापाने बसवलेला होता.

“जाळी लावू,” मेहुणा म्हणाला. “खार असो की तिची मावशी असो, जाळीपुढे काय करणार?”

“जाळी आणलीय का?”

“नाही.”

“मग लावू काय, तुझं डोकं?”

अर्धा दिवस जाळी आणण्यात गेला.

३

उरलेल्या दिवसात मेहुणा अंगणात बसून जाळीचे तुकडे कापू लागला आणि उरलेला कापूस बसवायला दाजी स्वतः बोळात शिरले. धुराड्याच्या वळणापलीकडे कापूस दबलेला होता. टॉर्च मारून त्यांनी नीट पाहिलं. कुशीवर झोपलेल्या माणसाच्या मापाचा खड्डा. खांद्याची जागा खोल, कमरेची उथळ, गुडघे पोटाशी घेतलेले. काल दुपारी महाराज तासभर दिसले नव्हते ते इथे आडवे झाले होते तर.

दाजी सरपटत मागे आले आणि खिडकीतून ओरडले, “कामाच्या वेळेत झोपा काढतोस होय रे?”

मेहुण्याने खालून वर पाहिलं. “कुठे?”

“तुझ्या गादीवर. धुराड्यामागे.”

“दाजी, त्या कापसात कोण झोपेल? नुसता हात लागला तर रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही माझा.” बोलता बोलता त्याने मनगट खाजवलंच.

हे मात्र खरं होतं. दाजींनी खड्डा बुजवला, कापूस फुलवून सारखा केला आणि रात्रीपुरती फळी लावायला घेतली. तीनदा ठोकलं. सवयीने विचारलं, “आत कोणी आहे का?”

“कोणी नाही.”

आवाज फळीच्या पलीकडून आला होता. अगदी जवळून, कोणीतरी पलीकडून तोंड लावून बोलावं इतक्या जवळून. दाजींनी फळी बाजूला ओढली आणि टॉर्च मारला. धुराड्यापर्यंत कोणी नव्हतं.

ते खिडकीशी गेले. मेहुणा अंगणात मांडी घालून बसला होता, दातात तार धरून.

“आत्ता तू बोललास का?”

त्याने तार काढली. “काय?”

“कोणी नाही, असं.”

“तुम्ही विचारलंत कुठे?”

दाजींना त्याची ही गंमत मुळीच आवडली नाही. बारा भोकं आहेत, त्यांनी स्वतःला समजावलं. खालचा आवाज वळचणीतून शिरतो, बोळातून फिरतो आणि फळीशी येतो. हवा जाते तिथून आवाजही जातो. हा गाढव खाली बसून ओरडला असेल आणि आता साळसूदपणाचा आव आणतो आहे. विचार पटण्यासारखा होता आणि दाजींना तो पटला. तरी फळीचे स्क्रू लावताना त्यांनी नेहमीपेक्षा जास्त जोर लावला.

“दाजी, एवढं पिळू नका,” मेहुणा वर येऊन म्हणाला. “डोकं झिजतं स्क्रूचं. मग काढताना नाकी नऊ येतात.”

“तू मला शिकव आता.”

४

तिसऱ्या दिवशी सकाळी भोकांवर ठोकलेली जाळी उचकटलेली नव्हती. जाळीच्या आतून भोकं पुन्हा बुजलेली होती.

शाळेतल्या बाई दारातच भेटल्या. रात्रभर जागल्यासारख्या दिसत होत्या. “दाजी, बाबांना काल फार त्रास झाला. भिंतीला हात लावून बघा, पाणी सुटलंय. तुम्ही काम सुरू केल्यापासून जास्तच झालंय हे.”

दाजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पन्नास घरांत असं कोणी बोललं नव्हतं. वर जाताना जिन्याची पाचवी पायरी कुरकुरली. ती रोजच कुरकुरायची, पण आज तिचाही राग आला.

वडील जागे होते. उशीवर मान वळवून ते बुटक्या भिंतीकडे बघत होते. श्वास घेताना त्यांच्या गळ्याखालची कातडी आत ओढली जात होती.

“तुमचा तो माणूस,” ते म्हणाले, “तुम्ही गेल्यावर मागे राहतो का?”

“नाही, बाबा. आम्ही दोघं एकाच गाडीतून जातो.”

“मग आत कोण घोकत असतं?”

“काय घोकतं?”

“नीट कळत नाही. दोनच शब्द आहेत. एकदा बारीक आवाजात म्हणतो, एकदा जाड आवाजात. चुकलं की परत पहिल्यापासून.” त्यांना खोकला आला. तो थांबल्यावर म्हणाले, “काल मात्र छान जमलं त्याला.”

दाजी फळीकडे वळले. आजारी माणूस, डोक्याला पुरेशी हवा मिळत नाही, त्याला कानात काहीही ऐकू येणार. म्हणूनच तर हे काम लवकर व्हायला हवं होतं.

५

त्यांनी फळी काढली, हाताला आलं त्या पहिल्याच भोकातला कापूस ओढला आणि उजेडात धरला. तुकडा चारही कोपरे आत दुमडून पाकिटासारखा केलेला होता.

अशी घडी एकच माणूस घालायचा. कापसाचे तंतू अंगाला लागू नयेत म्हणून मेहुण्याने ही पद्धत स्वतः शोधून काढली होती आणि तिचं त्याला कोण कौतुक होतं.

“ही घडी कोणाची?”

मेहुण्याने तुकडा उलटा सुलटा करून पाहिला. “माझ्यासारखी आहे.”

“तुझ्यासारखी नाही. तुझीच आहे.”

“दाजी, मी काल तुमच्याबरोबर घरी आलो. तुमच्याच गाडीतून. तुमच्या शेजारी बसून जेवलो.”

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच दाजींना जास्त संताप आला. तीन दिवस त्यांच्या हातून एक साधं काम होत नव्हतं. पलीकडे एक म्हातारा माणूस श्वासासाठी तडफडत होता. आणि त्या सगळ्याचा राग काढायला समोर एकच माणूस होता.

“अकरा वर्षं,” ते म्हणाले. “अकरा वर्षं तुला पदरात घेऊन फिरतोय. एक काम धड नाही. नुसती बडबड आणि नुसतं खाजवणं. तुझ्या ताईच्या तोंडाकडे बघून गप्प बसलो, नाहीतर कधीच हाकलला असता.”

मेहुणा खाजवायचा थांबला. त्याने दाजींकडे एकदा पाहिलं. कधीतरी तो असा गप्प झाला की अगदी ताईसारखा दिसे.

“मीच भरतो ना भोकं?” तो म्हणाला. “मग मीच मोकळी करतो. तुम्ही बाहेरच थांबा.”

मास्क लावून तो आत शिरला. बराच वेळ त्याचं सरपटणं, पुटपुटणं आणि मधेमधे खर्र खर्र ऐकू येत राहिलं. दाजी भिंतीला टेकून बसले. आपण बोललो ते फार झालं, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. पण जीभ रेटत नव्हती.

धुराड्यापलीकडे गेल्यावर आवाज बंद झाला.

६

दाजी खाली गेले आणि गाडीतून कायमची लावायची जाड फळी घेऊन आले. जाता जाता अंगणातून वर पाहिलं, तर बाराही भोकं मोकळी होती. जमलं एकदाचं. पठ्ठ्याने रागाच्या भरात काम मात्र चोख केलं होतं. घरी जाताना त्याला काहीतरी चांगलं बोलायचं, असं त्यांनी ठरवलं.

त्यांनी बोळाच्या तोंडाशी वाकून पाहिलं. धुराड्यापर्यंत कोणी नव्हतं. बाहेर येऊन गेला असेल कुठेतरी, तोंड फुगवून बसायला.

फळी जागेवर बसवून त्यांनी तीनदा ठोकलं. “आत कोणी आहे का?”

“कोणी नाही.”

या वेळी आवाज मागून आला, जिन्याच्या तोंडाशी. त्याचाच आवाज, नेहमीचा, थोडा कंटाळलेला. दाजींनी मान वळवली नाही. वळवली असती तर ते तोंड बघावं लागलं असतं, आणि बघितल्यावर माफी मागावी लागली असती. तेवढी तयारी अजून झाली नव्हती. गाडीत बोलू, असं म्हणून त्यांनी पहिला स्क्रू लावला.

आठ स्क्रू होते. सगळा राग त्यांनी ड्रिलवर काढला आणि प्रत्येक स्क्रू करकरेपर्यंत पिळला. पाचव्या स्क्रूला त्यांच्या मनात आलं की तो जिन्याने वर आला तेव्हा पायरी कुरकुरली नाही. पण तेवढ्यात वडील खोकले आणि ते विसरून गेले.

७

मेहुणा गाडीत आधीच जाऊन बसला होता. दाजींनी हत्यारं मागे टाकली आणि शेजारी बसले. तो समोर बघत होता. बडबड नाही, कुरकुर नाही. चला, आज डोक्याला शांतता, असं दाजींना वाटलं, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

“हे बघ,” ते म्हणाले, “मघाशी मी जरा जास्तच बोललो.”

“हो,” मेहुणा म्हणाला.

“मनावर घेऊ नकोस.”

“नाही.”

दाजींनी डब्याच्या पिशवीतून तेलाची बाटली काढून त्याच्या हातात दिली. त्याने ती घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि मांडीवर ठेवून दिली. त्याच्या बाह्या वर गुंडाळलेल्या होत्या. हात कोपरापासून मनगटापर्यंत गोरे आणि गुळगुळीत होते. अकरा वर्षांत दाजींनी त्या हातांवर ओरखडे नाहीत असा एक दिवस पाहिला नव्हता.

“खाजत नाही आज?”

“खाजतं का?” मेहुण्याने विचारलं. त्याला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं असं वाटलं.

इतक्यात वरची खिडकी उघडली आणि शाळेतल्या बाईंनी हाक मारली. “दाजी, जरा वर येता का? बाबा म्हणतायत, भिंतीमागे कोणीतरी खाजवतंय.”

८

ड्रिल उचलून दाजी जिना कसा चढले ते त्यांना आठवणार नाही. पाचवी पायरी त्यांच्या पायाखाली कुरकुरली. ती पुन्हा एकदा कुरकुरायला हवी होती, कारण मेहुणा त्यांच्या मागोमाग येत होता. पायरीचा आवाज आला नाही.

खोलीत वडील भिंतीकडे तोंड करून पडले होते. बाई पलंगाच्या पायाशी उभ्या होत्या. दाजी फळीसमोर गुडघ्यावर बसले आणि कान लावला.

खर्र खर्र. थांबलं. मग मानेवरचं, जरा बारीक. मग पुन्हा कोपर. या आवाजाने गेली अकरा वर्षं त्यांचं डोकं उठलं होतं. आज तो ऐकून त्यांना रडू फुटलं.

आतून फळीवर तीनदा ठोकल्याचा आवाज आला.

“दाजी,” आतला आवाज म्हणाला. मास्कमधून येत होता, दमलेला, अजून थोडा रुसलेला. “झालं का तुमचं? राग गेला असेल तर उघडा आता. खाजून जीव चाललाय माझा.”

दाजींच्या खांद्यावर मागून एक हात आला. हात हलका होता आणि गार होता.

“कोणी नाही,” त्यांच्या कानाशी मेहुणा म्हणाला.

मागे बघायचं नाही, एवढंच दाजींनी ठरवलं. त्यांनी ड्रिल उलट्या बाजूला फिरवलं आणि पहिल्या स्क्रूवर टेकवलं. ड्रिल नुसतंच गरगरलं. दुसऱ्या स्क्रूवरही तसंच झालं, तिसऱ्यावरही. आठही स्क्रूंची डोकी त्यांनी स्वतःच्या हाताने झिजवून ठेवली होती.